कामांबेरसोबत रेड वाइन कडवट का लागते? मऊ फ्रेंच चीज आणि वाइनच्या जोडीविषयी प्रश्न

ल्यों-निवासी:

नमस्कार. गेल्या सप्टेंबरपासून मी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये ल्यों येथे राहते. पुण्यात असताना चीज म्हणजे निळ्या-पिवळ्या डब्यातल्या वड्या एवढीच माझी ओळख होती. येथे आठवड्याच्या बाजारात चीजच्या एकेका दुकानात शंभराच्या वर प्रकार मांडलेले असतात आणि त्यांतले मऊ, पांढऱ्या किंवा केशरी सालीचे प्रकार मला सर्वांत जास्त खुणावतात.

गेल्या रविवारी मी सुपरमार्केटमधून एक कामांबेर आणि बोर्दोजवळच्या मेदोक भागातील एक रेड वाइन आणली. चीज फ्रीजमधून काढून लगेच कापले. कडेला ते मऊ होते, मध्यभागी मात्र खडूसारखा पांढरा, भुसभुशीत पट्टा होता. पहिला घास चांगला लागला; पण त्यावर वाइनचा घोट घेताच तोंडात लोखंडाची पट्टी चाटल्यासारखी चव आली आणि नंतर बराच वेळ कडवटपणा राहिला. थोड्या वेळाने तीच वाइन नुसती प्यायले, तेव्हा तिच्यात काहीही दोष जाणवला नाही. चीजसोबत रेड वाइन प्यावी असेच मी सगळीकडे ऐकले होते, त्यामुळे चूक चीजमध्ये होती, वाइनमध्ये होती की माझ्या समजुतीत, हे मला समजून घ्यायचे आहे.

दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. येत्या शनिवारी माझे चार फ्रेंच सहकारी घरी जेवायला येणार आहेत. जेवण आपले असेल, पण जेवणानंतर चीजचे ताट मांडावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. कामांबेर, ल्योंच्या परिसरातले सें-मार्सेलें, बकरीच्या दुधाचे सेंत-मोर द तूरेन आणि एप्वास असे चार प्रकार मी निवडले आहेत. ते कोणत्या क्रमाने खावेत, आणि चार वेगवेगळ्या बाटल्या न उघडता त्यांना कोणती वाइन द्यावी, हे जाणकारांनी सांगितल्यास मी आभारी राहीन.

नॉर्मंडीचा पाहुणा:

मी गेली चौदा वर्षे नॉर्मंडीत काँ शहरात राहतो. कामांबेर हे गाव येथून फार लांब नाही, त्यामुळे या चीजविषयी मला विशेष आस्था आहे. आपल्या वाइनमध्ये दोष नव्हता आणि चीजही बिघडलेले नव्हते. ते अर्धवट पिकलेले होते, थंड होते आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या वाइनसोबत खाल्ले गेले.

आपण आंबा निवडतो त्याच नजरेने कामांबेर निवडावे, असे मी नवीन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला सांगतो. हे चीज बाहेरून आत पिकत जाते. आपण पाहिलेला मधला खडूसारखा पट्टा म्हणजे अजून न पिकलेला गाभा होय. पूर्ण पिकलेले चीज कापले की आतून फिकट पिवळसर, एकजीव आणि लवचीक दिसते, पण ताटात वाहत नाही. येथील दुकानदार डब्याचे झाकण उघडून अंगठ्याने मधोमध हलके दाबून पाहतात. कडा आणि मध्य सारखेच दबले तर ते पिकले, मध्य टणक लागला तर अजून चार-सहा दिवस हवेत. दुकानदाराला 'शनिवारी रात्री खायचे आहे' एवढे सांगितले, तर तो त्या दिवसाच्या हिशेबाने निवडून देतो. सालीला तपकिरी डाग असले तर घाबरू नये. मात्र डबा उघडताच अमोनियाचा झणका नाकात शिरला तर ते चीज उतरले आहे असे समजावे.

खरेदी करताना डब्यावर 'कामांबेर द नॉर्मांदी' ही पूर्ण अक्षरे आणि एओपीची, म्हणजे मूळस्थानाच्या संरक्षणाची, मुद्रा आहे ना, ते पाहावे. या नावाला 1983 साली मूळस्थानाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. त्या नियमांनुसार दूध कच्चेच लागते आणि दही ओगराळ्याने थराथराने साच्यात घालावे लागते. एका चीजला सुमारे सव्वादोन लिटर दूध लागते आणि विरजल्यापासून किमान 21 दिवस ते विक्रीला जात नाही. नुसते 'कामांबेर' हे नाव मात्र कुणालाही वापरता येते. त्या नावाखाली पाश्चरीकृत दुधाचे, चवीला सौम्य आणि सपाट चीज जगभर विकले जाते, आणि सुपरमार्केटमधले पुष्कळसे त्याच जातीचे असते.

आता वाइनकडे वळतो. फ्रेंच जेवणात चीज मुख्य पदार्थानंतर आणि गोडाच्या आधी येते. मुख्य पदार्थ बहुधा मांसाचा असतो, त्यासोबत रेड वाइन उघडलेली असते, आणि चीज येते तेव्हा पेल्यात तीच उरलेली असते. चीज आणि रेड वाइन ही जोडी मला वाटते अशी सवयीतून रूढ झाली. तिच्यामागे चवीची पारख फारशी नाही. नॉर्मंडीत मुळात द्राक्षांचे मळे जवळजवळ नाहीत, येथे सफरचंदाच्या बागा आहेत, आणि येथील लोक कामांबेरसोबत सफरचंदाची सीद्र पितात. कोरडी (गोड नसलेली), म्हणजे 'ब्र्यूत' असे लिहिलेली सीद्र घ्यावी. तिच्यातली आंबट धार आणि बुडबुडे जिभेवरची साय धुऊन नेतात आणि सफरचंदाचा किंचित तुरट गंध चीजच्या अळंबीसारख्या वासाला बिलगतो. तिच्यात मद्यांश साधारण चार-पाच टक्केच असतो, शिवाय ती वाइनपेक्षा बरीच स्वस्त मिळते. शनिवारसाठी मी पहिली बाटली हीच सुचवेन.

चीज खाण्याआधी किमान एक तास फ्रीजबाहेर काढून ठेवावे. थंड स्निग्धांश घट्ट असतो, त्यातला गंध मोकळा होत नाही आणि जिभेला फक्त मीठ कळते.

दुग्धतंत्रज्ञ:

वरील उत्तरात 'काय होते' हे चांगले सांगितले आहे; 'का होते' याविषयी थोडी भर घालते. माझे शिक्षण दुग्धतंत्रज्ञानात झाले असून काही वर्षे मी चीजनिर्मितीत काम केले आहे.

कामांबेर आणि ब्री यांच्या पांढऱ्या सालीवर पेनिसिलियम कामांबेर्ती नावाची बुरशी वाढते. ती प्रथम पृष्ठभागावरील लॅक्टिक आम्ल खाते आणि नंतर प्रथिनांचे विघटन करून अमोनिया तयार करते. त्यामुळे सालीजवळची आम्लता झपाट्याने घटते. ताज्या दह्याचा सामू (पीएच; आम्लता घटली की हा आकडा वाढतो) 4.6च्या आसपास असतो, पण पिकलेल्या सालीजवळ तो 7पर्यंत पोचतो. त्याच वेळी दह्याला घट्ट धरून ठेवणारे कॅल्शियम आतून सालीकडे सरकते आणि तेथे साचते. आम्लता घटली आणि कॅल्शियम निघून गेले की प्रथिनांची वीण सैल होते आणि चीज मऊ पडते. हा बदल सालीपासून गाभ्याकडे जातो, म्हणून आपल्याला कडेला मऊ आणि मध्ये भुसभुशीत असे दोन थर दिसले. एकाच घासात आपण दोन चीज खाल्ली म्हणा ना: गाभ्यात आंबटसर, दह्याच्या जवळचे, आणि कडेला उग्र, अळंबी व उकडलेल्या कोबीच्या वासाचे.

रेड वाइनमधले टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरट घटक, लाळेतील प्रथिनांना चिकटते, म्हणून तोंड कोरडे आणि तुरट वाटते. दुधातील प्रथिनांनाही ते चिकटते. कोऱ्या चहात दूध घातले की तुरटपणा कमी होतो, त्याचे कारण हेच. मग चीजने तर वाइन मऊ लागायला हवी, अशी शंका कुणी घेईल. मुरलेल्या टणक चीजबाबत पुष्कळदा तसेच घडते. पिकलेल्या मऊ चीजमध्ये मात्र सालीतला अमोनिया आणि प्रथिने तुटून तयार झालेले कडवट अंशही असतात, आणि टॅनिनने भरलेली, लाकडी पिंपात मुरलेली वाइन त्यांच्यासोबत आली की दोघांचा कडवटपणा एकमेकांना वाढवतो. मेदोकच्या वाइनमध्ये काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचे प्रमाण मोठे असते आणि त्याची साल टॅनिनने समृद्ध असते, म्हणजे आपण नेमकी सर्वांत कठीण जोडी निवडली होती. घरी पडताळून पाहायचे असल्यास त्याच चीजचा सालीविना तुकडा आणि सालीसह तुकडा, प्रत्येकावर त्याच वाइनचा एक घोट घेऊन पाहा. फरक स्वतः अनुभवल्यावर पुढची निवड सोपी होते.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. पाहुण्यांमध्ये कुणी गर्भवती असेल किंवा कुणाची प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर कच्च्या दुधाचे मऊ चीज त्यांना देऊ नये. त्यात लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. अशा पाहुण्यांसाठी टणक, दीर्घकाळ मुरवलेले कोंते वेगळे ठेवावे.

लुआरकाठचा:

सेंत-मोर द तूरेन हा माझ्या शेजारचा विषय आहे, कारण मी तुर शहरात राहतो आणि दर शनिवारी बाजारातून ते आणतो. बकरीच्या दुधाच्या या चीजची घडण आपल्या चक्क्याशी जवळचे नाते सांगते. रेनेट (दूध जमवणारा पदार्थ) अगदी थोडे घालून दूध मुख्यतः विरजणाच्या आम्लतेवर सावकाश जमू दिले जाते आणि ते दही साच्यात निथळत ठेवतात. म्हणून त्यात कामांबेरचा लवचीकपणा नसतो. कोवळे असताना ते ओलसर आणि चक्क्यासारखे आंबट लागते, आणि पुढे वाळत गेले की घट्ट, दाणेदार होऊन अक्रोडासारखी चव धरते. वर राख आणि मीठ लावलेले असते, म्हणून साल करडी दिसते. त्याच्या मधून राय धान्याची एक काडी आरपार घातलेली असते. ती नाजूक दंडगोलाला आधार देते, आणि अस्सल एओपी चीजच्या काडीवर उत्पादकाची खूण कोरलेली असते. कापण्याआधी ती हळूच ओढून काढावी, मग सुरी ओली करून गोल चकत्या पाडाव्यात. राखेसह साल खाता येते.

याला वाइन त्याच मातीतली द्यावी. तुरच्या शेजारी वूव्रे येथे शेनँ ब्लाँ या द्राक्षाची व्हाइट वाइन होते. तिची कोरडी, 'सेक' अशी लिहिलेली बाटली घ्या. चीजही आंबट आणि वाइनही आंबट, मग जमेल कसे, असे वाटणे साहजिक आहे. आंबट चीजपुढे मवाळ वाइन पाण्यासारखी लागते आणि आंबट वाइन मात्र त्याच्या बरोबरीने उभी राहते. मग दोन्ही आंबटपणा मागे सरतात आणि वाइनमधले नाशपतीसारखे फळ पुढे येते. लुआर नदीच्या वरच्या अंगाला सांसेर येथे सोव्हिन्यों ब्लाँची वाइन आणि शाविन्योलचे छोटे गोल बकरी-चीज यांची जोडी याच तत्त्वावर उभी आहे. वालांसे या गावाने तर चीज आणि वाइन या दोन्हींना आपल्या एकाच नावाचे संरक्षण मिळवले आहे.

नाशिकच्या मळ्यांत जी शेनँ ब्लाँ आपण पाहतो, ती याच खोऱ्यातली. सुट्टीत घरी गेलो असताना मी येथून नेलेले थोडे सुकलेले सेंत-मोर नाशिकच्या शेनँसोबत खाऊन पाहिले होते. तेथील उन्हामुळे द्राक्षात साखर अधिक उतरते आणि आंबटपणा कमी राहतो, त्यामुळे वूव्रेइतकी धार नव्हती. पण वाळलेल्या चीजसोबत ती गोलाई मला मनापासून आवडली.

व्हाइट वाइन फार गार करू नये. दहा ते बारा अंश पुरेसे आहेत.

साधा शाकाहारी:

विषयाला धरूनच एक शंका विचारतो. मी दूध-दही खातो, पण मांस खात नाही. या चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट असते असे ऐकले आहे. ते खरे आहे का, आणि बकरीचे चीज त्यातून सुटते का?

दुग्धतंत्रज्ञ:

होय, ते खरे आहे, आणि पाहुण्यांना हे आधी सांगणे मला आवश्यक वाटते. फ्रान्समधील पारंपरिक मऊ चीज बहुतांशी वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने जमवलेले असते. बकरीचे चीज मुख्यतः विरजणावर जमत असले, तरी त्यातही रेनेटचे काही थेंब पडतात, म्हणून ते आपोआप शाकाहारी ठरत नाही. वेष्टणावर 'प्रेझ्यूर' हा शब्द असला तर ते प्राणिज रेनेट असते. सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतीपासून मिळवलेल्या पदार्थाने जमवलेले चीजही मिळते. त्यावर तसा स्पष्ट उल्लेख असतो किंवा दुकानदाराला विचारता येते.

दिजाँकर:

एप्वासविषयी कुणी अजून लिहिले नाही, म्हणून मी लिहिते, कारण चारांपैकी सर्वांत अवघड तेच आहे. त्याची साल धुतलेली असते. चीज पिकत असताना ते आधी मिठाच्या पाण्याने आणि मग द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेले मार द बूर्गोन्य नावाचे मद्य मिसळलेल्या पाण्याने वरचेवर पुसले जाते, आणि त्या मद्याचे प्रमाण हळूहळू वाढवत नेतात. या ओलसर, खारट पृष्ठभागावर बुरशी मागे पडते आणि केशरी रंगाचे जिवाणू वाढतात. साल केशरी होते ती त्यांच्यामुळे, वरून रंग लावल्याने नव्हे. वास फार उग्र असतो, पण आतला भाग गोडसर, खारट आणि मलईदार असतो. ज्यांनी केवळ वासावरून ते नाकारले, त्यांनी एकदा चमच्याने आतला भाग चाखावा, एवढी माझी विनंती आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हे चीज जवळजवळ नाहीसे झाले होते. 1956 साली एप्वास गावातल्या बेर्तो दांपत्याने ते पुन्हा बनवायला सुरुवात केली आणि 1991 साली त्याला मूळस्थानाचे संरक्षण मिळाले. आज ते ताटात दिसते याचे श्रेय मी त्यांनाच देते.

आमच्या बर्गंडीत पुष्कळ लोक एप्वाससोबत पिनो न्वारची रेड वाइन पितात. मला ती जोडी पटत नाही. पिनो न्वारमध्ये टॅनिन कमी असते, तरी इतक्या उग्र, खारट चीजपुढे त्या वाइनचा सगळा नाजूकपणा हरवतो आणि इतकी महाग बाटली वाया जाते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. उग्र चीजला सुगंधी आणि किंचित गोड वाइन हवी. अल्सासमध्ये मँस्तेर या धुतलेल्या सालीच्याच चीजसोबत गेवुर्त्स्ट्रामिनर पितात, तीच येथे चालते: गुलाब आणि लिचीचा गंध त्या वासापुढे टिकतो आणि गोडव्याने मीठ सौम्य होते. खारट-गोडाचे हे जमणे आपल्याला परके नाही, कैरीच्या लोणच्यात आपण गूळ घालतोच. ज्यांना चालते त्यांनी शेवटी त्याच मारचा एक लहान घोट घ्यावा.

आणखी एक. सें-मार्सेलेंसाठी वेगळी बाटली घेण्याची गरज नाही. ते फार पिकून पातळ झालेले नसेल, तर वूव्रेच चालते. पाहुण्यांना रेड वाइन हवीच असेल, तर आपल्या दाराशीच बोजोले आहे. गामे द्राक्षाची ती वाइन कमी टॅनिनची आणि फळाच्या चवीची असते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून द्यावी. मऊ चीजसोबत रेड वाइन मुळीच चालत नाही असे नाही, टॅनिन कमी आणि आंबटपणा ताजा असला की ती चालते.

क्रम माझ्या मते सेंत-मोर, सें-मार्सेलें, कामांबेर आणि शेवटी एप्वास असा असावा. प्रत्येक चीजला वेगळी सुरी ठेवावी, नाहीतर एप्वासचा वास सगळ्या ताटाला लागतो. कामांबेर मध्यापासून कडेपर्यंत त्रिकोणी कापावे, म्हणजे प्रत्येकाला गाभा आणि साल दोन्ही मिळतात. खारी बिस्किटे ठेवू नयेत, साधा 'बागेत', म्हणजे लांबट फ्रेंच पाव, पुरेसा आहे.

ल्यों-निवासी:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवार पार पडला, म्हणून सविस्तर कळवते.

बाजारातल्या फ्रोमाजरीत (चीजच्या दुकानात) जाऊन 'शनिवारी रात्री' असे सांगितले, तेव्हा त्या बाईंनी तीन कामांबेरांचे डबे उघडून अंगठ्याने दाबून पाहिले आणि तिसरे दिले. कोरडी सीद्र, वूव्रे सेक आणि गेवुर्त्स्ट्रामिनर अशा तीनच बाटल्या आणल्या. जेवणात वरणभात, मटकीची उसळ आणि भरली वांगी होती. वांग्यातल्या मसाल्यानंतर लगेच चीज चाखणे योग्य नाही असे वाटल्याने मी मध्ये अर्धा तास जाऊ दिला आणि नुसता पाव व पाणी दिले.

सेंत-मोर आणि वूव्रे यांविषयी आपण लिहिले होते तसेच झाले. दोन्ही आंबट असूनही एकत्र आल्यावर त्यांची चव मवाळ वाटली. सें-मार्सेलें मात्र आतून पार पातळ झाले होते, चमच्यानेच खावे लागले. त्याच्याबरोबर वूव्रे मला अपुरी वाटली आणि आमच्यापैकी दोघांनी सीद्रच पसंत केली. कामांबेर आणि सीद्र ही जोडी सर्वांनाच आवडली. माझी एक सहकारी मूळची नॉर्मंडीची आहे; तिने पहिल्या घासानंतर बराच वेळ काही न बोलता दुसरा तुकडा घेतला. एप्वास आणि गेवुर्त्स्ट्रामिनर यांवर मतभेद झाला: दोघांना गोडवा जास्त वाटला, मला आणि उरलेल्या दोघांना तो हवाहवासा वाटला.

रविवारी मी दुग्धतंत्रज्ञांनी सांगितलेला प्रयोग केला. पहिल्या वेळची मेदोक पुन्हा आणली, उरलेल्या कामांबेरचा सालीविना तुकडा आणि सालीसह तुकडा खाऊन पाहिला. सालीविना तुकड्यावर वाइन तुरट होती, पण सुसह्य. सालीसह तुकड्यावर तीच लोखंडी चव परत आली. मग त्याच वाइनसोबत वर्षभर मुरलेल्या, नारिंगी, टणक मिमोलेतचा एक पातळ काप खाल्ला. मिमोलेतच्या खमंगपणाने तुरटपणा इतका निवळला की उरलेला पेला मी त्याच्यासोबतच संपवला.